शाई न लागलेलं बोट

"आय व्होटेड लीव्ह, बाय द वे," असं गुणवंत म्हणाला, तेव्हा काकडीच्या कोशिंबिरीचं भांडं माझ्या हातात होतं आणि चमचा आमच्या इंग्रज पाहुण्याच्या, ग्रॅहमच्या ताटावर. चमचा पडला नाही, भांडं हिंदकळलं नाही, काही झालं नाही. मी कोशिंबीर नीट वाढली, लिंबाची फोड शेजारी ठेवली आणि "मोअर?" असंही विचारलं. ग्रॅहमने मान वर करून गुणवंतकडे बघितलं आणि त्याचा तांबूस चेहरा एकदम खुलला. "डिड यू? गुड मॅन!" म्हणाला. गुड मॅन! तेवीस वर्षं संसार केला मी या गुड मॅनशी. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडावं की सोडू नये, यावर दोन हजार सोळा सालच्या जूनमध्ये आम्ही दोघांनी लंडनमध्ये मत दिलं होतं. आम्ही काही ब्रिटिश नव्हतो, पण कॉमनवेल्थवाले म्हणून आम्हाला मत होतं. तेव्हापासून आजच्या शनिवारच्या या जेवणापर्यंत मी हेच धरून चालले होते की गुणवंतचं मत माझ्यासारखंच राहण्याच्या बाजूने पडलं. त्याने कधी तसं म्हटलं होतं का? नाही. मी विचारलं होतं, "दिलंस ना मत?" तो म्हणाला होता, "हो गं." त्यापुढे विचारायची गरज मला वाटली नव्हती. आपण रोज ज्याच्या ताटात वाढतो त्याला कोण विचारतं?

"अहो, कोशिंबीर घ्या ना," मी मराठीत म्हटलं. गुणवंतचा हात पोळीवरच थांबला. एरवी मी त्याला अरे-तुरे करते. 'अहो' फक्त सासूबाईंसमोर, नाहीतर रागाने माझं डोकं फिरलेलं असताना, आणि सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. "अनु, नंतर बोलू," तोही मराठीत म्हणाला, पण चेहऱ्यावरचं हसू त्याने ग्रॅहमसाठी तसंच ठेवलं. "नंतर कशाला? पाहुण्याला मराठी कुठे कळतंय. बोला की." मीही हसतच होते. ग्रॅहमला वाटलं असणार की नवरा-बायको स्वयंपाकाबद्दल काहीतरी प्रेमाचं बोलताहेत. तो म्हणालासुद्धा, फार सुंदर भाषा आहे तुमची. समोर बसलेल्या ईशानीने, आमच्या सोळा वर्षांच्या लेकीने, फोनवरून डोळे उचलून आधी माझ्याकडे आणि मग बापाकडे बघितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आई, चिल," ती म्हणाली. "इट्स लंच."

चिल म्हणे. खिडकीतून दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्सचं ते तळं दिसत होतं, मुळात माणसाने बांधलेलं आणि पाणी भरलेलं, आणि त्यात समोरच्या टॉवरची सावली हलत होती. मला आठवलं ते आमचं लंडनचं मंडळ. हॅरोच्या एका हॉलमध्ये आम्ही गणपती बसवायचो, आणि त्या वर्षी सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतसुद्धा एकच विषय असायचा. हे पोलिश, रोमानियन लोक विनाव्हिसा येतात, आणि आपल्या भाच्याला, इंजिनियर पोराला, तीनदा रिजेक्ट करतात. त्यांचं दार बंद झालं की आपल्यासाठी जागा होईल. एवढी साधी हिशेबाची गोष्ट. सगळे डोकेबाज लोक, कोणी बँकेत, कोणी हॉस्पिटलात, आणि देशाचं भविष्य भाच्याच्या व्हिसावरून ठरवत होते. मी तिथेच द्रोण हातात घेऊन भांडले होते. म्हटलं, वेगळी चूल मांडायला निघालात, पण लाकडं कुठून आणणार ते तरी बघा. गुणवंत माझ्या शेजारी उभा होता. शिरा खात होता. गंमत म्हणजे पुढे भाच्यांना व्हिसे मिळालेही. मंडळाच्या दृष्टीने ते जिंकलेच. फटका बसला तो मला, आणि माझ्याच घरात कुणी तो हातोडा उचलला असेल हे मला कसं सुचावं? आपल्याकडे मत देऊन आलेल्या माणसाचं बोट दिसतं. शाई असते, आठवडाभर जात नाही, भांडी घासली तरी जात नाही. माझे वडील सांगलीत मत देऊन आले की आधी आईला बोट दाखवायचे, मग चहा. लंडनला पेन्सिलने फुली मारून कागद पेटीत टाकायचा आणि स्वच्छ बोटांनी घरी यायचं. शाई नाही, खूण नाही. मला तेव्हा ते फार सुसंस्कृत वाटलं होतं.

फटका म्हणजे काय, हे सांगायचं तर माझं काम सांगावं लागेल. मी विजेची बाई. सुरुवात कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरला केली. सगळ्या राज्याची वीज कुठून कुठे जाते हे बघत भिंतीएवढ्या पडद्यासमोर बसायचं. दोन हजार तेराच्या अखेरीला सोलापूरच्या लाइनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं तेव्हा मी तिथे होते. पडद्यावर दोन आकडे वेगवेगळे धडधडत होते, ते हळूहळू जवळ आले आणि एक झाले, आणि आमच्या खडूस साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे वाटले गेले. त्या एका क्षणामुळे मी लंडनची नोकरी घेतली असं म्हटलं तरी चालेल, कारण तिथेही काम जोडण्याचंच होतं. ब्रिटन आणि युरोप यांच्यामध्ये समुद्राखालून केबली आहेत. रोज अकरा वाजता दोन्हीकडचे भाव आणि केबलीतली जागा, सगळं एकाच गणितात पडायचं, आणि वीज आपोआप स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे जायची. याला आमच्यात कपलिंग म्हणतात. उत्तर समुद्रात वारा सुटला की ब्रिटनची जादा वीज पलीकडे, वारा पडला की पलीकडची अलीकडे. शेजारधर्म, दुसरं काय. ते गणित चालवणाऱ्या टेबलावर मी होते. काय सांगू, मला रोज अकरा वाजता देवळात गेल्यासारखं वाटायचं. मग हे ब्रिटिश बाहेर पडले. करार झाला, पण त्या गणितातून ब्रिटनचं नाव कटलं. आता आधी केबलीतली जागा अंदाजाने बुक करायची आणि वीज वेगळी विकत घ्यायची. म्हणजे आधी टेम्पो ठरवायचा आणि मार्केट यार्डातला भाव नंतर कळायचा. मग काय, कधीकधी टेम्पो उलट्या दिशेने जायला लागले. महाग बाजूची वीज स्वस्त बाजूकडे! पहिल्यांदा पडद्यावर ते बघितलं तेव्हा मी जागेवरून उठून उभी राहिले होते. घरी येऊन गुणवंतला सांगताना माझा आवाज चिरकला होता. त्याने आल्याचा चहा केला. म्हणाला, "बघू, होईल काहीतरी."

"लोक उगाच ओरडत होते," ग्रॅहम आता सांगत होता. हल् नावाच्या बंदराच्या गावात त्याची पवनचक्क्यांची कंपनी आहे, समुद्रातल्या चक्क्या, आणि त्यांना हॉलंडपर्यंत एक नवी केबल टाकायची आहे. अबूधाबीच्या कुठल्याशा प्रदर्शनात गुणवंतने त्याला गाठला आणि जेवायला घेऊन आला. "म्हणे युरोपाबाहेर पडलो की हरित धोरण बुडणार. बुडालं का? आमच्याइतक्या समुद्री चक्क्या त्यांच्यातल्या एकाकडेही नाहीत. कोळसा आम्ही बंद केला, शेवटचं केंद्रसुद्धा. वाऱ्याला व्हिसा लागत नाही, हं!" आणि तो स्वतःच हसला. गुणवंत त्याच्याहून मोठ्याने हसला. मला त्या हसण्याची किळस आली. मी म्हटलं, इंग्रजीत आणि अगदी सावकाश, की चक्क्या आहेत हे खरं, कोळसा बंद झाला हेही खरं, आणि त्याबद्दल तुमचं कौतुकच आहे. पण वाऱ्याला व्हिसा लागत नसला तरी वीज विकायला गिऱ्हाईक लागतं. तुमच्याकडे वारा जास्त झाला की तुम्ही चक्क्या बंद करायला पैसे मोजता. धूर सोडायच्या परवान्यांचा बाजारही वेगळा काढलात, तिथे धुराचा भाव एकदा युरोपच्या निम्म्यावर गेला, आणि धूर स्वस्त झाल्यावर कोण कशाला शहाण्यासारखं वागेल? लक्ष्यं मोठमोठी लिहिलीत, ती तुमची स्वतःची, मान्य. पण ती आता दरवेळी जास्त खर्चाने गाठताय. टेबलावर मुनिबाचा हिरवा वाडगा होता, शेजारच्या फ्लॅटमधल्या कराचीच्या मुनिबाचा. तिने हलीम दिलं होतं, आणि मी त्यात तिच्यासाठी श्रीखंड भरून ठेवलं होतं. मी वाडग्याकडे बोट दाखवून म्हटलं, आमच्या मजल्यावर भांडं रिकामं परत जात नाही. तुम्ही ते रिकामंच परत केलंत. "अनु, इनफ," गुणवंत दातांतून म्हणाला, आणि मग मराठीत, "माझी नोकरी आहे ही." "हो का? मग माझी काय होती?"

माझी काय होती ते त्याला माहीत आहे. टेबल बंद झालं. कोणी ॲम्स्टरडॅमला गेलं, कोणी घरी बसलं, मला दुबईची एक कन्सल्टन्सी मिळाली आणि आम्ही इथे आलो. इथे उन्हाची वीज इतकी आहे की माझ्या मॉडेलमध्ये आकडे टाकताना हात दुखतो, पगारही बरा आहे, तक्रार नाही. पण इथे मी लोकांना सल्ले देते. उंटावरून शेळ्या हाकते, आणि इथे तर उंटही खरे आहेत. अकरा वाजले की अजून माझी नजर घड्याळाकडे जाते. गुणवंतला इथे धड काही मिळालं नाही. सोलरची पॅनेल विकणाऱ्या एका ट्रेडरकडे होता, त्याचा धंदा मार्चमध्ये बसला. तेव्हापासून नवरा माझ्या व्हिसावर आहे. स्पॉन्सर म्हणून त्याच्या कागदावर माझं नाव आहे. हे मी कधी, देवाशपथ कधी, त्याच्या तोंडावर म्हटलेलं नाही. पाहुण्यांसमोर तर मीच म्हणते, "गुणवंत सध्या ब्रेकवर आहे." त्याच्या आईने विचारलं असतं तर तिलाही हेच सांगितलं असतं. आणि हा बसलाय माझ्या टेबलावर, माझ्या हातची पोळी खात, नि ज्याने माझं काम मोडलं त्या मताचा तुरा लावून नोकरी मागतोय. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते काय वेगळं असतं?

मग ग्रॅहम पाणी प्यायला, आणि तो जे म्हणाला ते ऐकून माझा राग क्षणभर जागीच थिजला. म्हणाला, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. आमचं सरकार आता परत ब्रसेल्सशी बोलतंय, दोन्हीकडचे धुराचे बाजार जोडायचे, विजेच्या त्या सामायिक गणितातही परत शिरायचं. झालंच तर आमच्या केबलीचं सोनं होईल. पण ते गणित आतून पाहिलेले लोक आता मिळत नाहीत. गुणवंतने मला सांगितलंय, तुम्ही त्यातल्याच. तो आमच्याकडे आला तर तुम्हीही येणार ना? आल्यावर बघू की तुमच्यासाठीही काहीतरी. वरातीमागून घोडं! नऊ वर्षं वरात फिरवून आणली आणि आता घोडं शोधताहेत. पण खोटं कशाला बोलू, माझी नजर घड्याळाकडे गेली. अकरा वाजताचा तो पडदा. दोन भाव जवळ जवळ येतात आणि एक होतात. मला ते हवं होतं. या खोलीत, या माणसांसमोर, अगदी लाज वाटावी इतकं हवं होतं. आणि ते मिळणार कसं, तर याच्या मागून, याच्या व्हिसावर, बायको म्हणून, 'बघू की काहीतरी' म्हणून. गुणवंत माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत लहान मुलासारखी आशा होती. त्याला वाटत होतं, हा मोठा पेढा आहे, आता तरी ही हसेल.

मी श्रीखंड वाढलं. ग्रॅहमने दोनदा घेतलं. वाढता वाढता मी मनातल्या मनात गुणवंतला उलटा-सुलटा करून बघत होते. हा खरं बोलला असेल, तर माझ्या पाठीत सुरा खुपसून नऊ वर्षं त्याच पाठीवरून हात फिरवत राहिला. त्या निकालाच्या सकाळी मी बाथरूममध्ये रडत होते आणि हा दाराबाहेरून "अनु, अनु" करत होता. हा खोटं बोलला असेल, तर त्याहून वाईट. मग एका नोकरीसाठी, एका परक्या माणसाच्या 'गुड मॅन'साठी, माझ्यादेखत माझ्याविरुद्धचं मत अंगावर घेतलं याने. कुठलं बरं? मला दोन्ही नको होतं आणि तिसरं काही असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. ग्रॅहम उठला. त्याने दारात माझा हात हातात घेतला आणि सोमवारपर्यंत कळवा म्हणाला. गुणवंत त्याला लिफ्टपर्यंत सोडून आला. येताना शीळ घालत होता.

"झालंच समज," तो म्हणाला. "पॅकेज बघ, दिरहममध्ये धरलं तरी तुझ्याइतकं आहे, रुपयात तर बघूच नकोस. आणि तुझं ते कपलिंगचं काम! अनु, तुझं काम परत येतंय!" मी ताटं उचलत होते. विचारलं, "खरं होतं ते?" "काय?" "लीव्ह." तो सोफ्यावर बसला, पाय पसरले, आणि हसला. "अगं, त्याच्या कोटाला ती बारकी पिन बघितली नाहीस का? पक्का लीव्हवाला. म्हटलं जरा तार जुळवू. तू काय खरंच धरून बसलीस?" "म्हणजे तुम्ही राहण्याला मत दिलंत." "अहो-जाहो बंद कर बघू आधी." "दिलंत की नाही?" "दिलं गं. किती वेळा सांगू?" आणि बरं वाटलं मला. इतकी मी मूर्ख. खोटारडा आहे, लाळघोट्या आहे, पण निदान त्या दिवशी तरी माझ्या बाजूने होता, असं म्हणून मी मनातल्या मनात त्याला अर्धं माफसुद्धा करून टाकलं.

"बट बाबा, यू डिडन्ट गो," ईशानी म्हणाली. ती मुनिबाच्या वाडग्यातल्या श्रीखंडात बोट घालून चाखत होती. "दॅट डे? माझी स्कूल क्लोज्ड होती ना, व्होटिंगसाठी. आई वॉज ॲट वर्क. इट रेन्ड लाइक क्रेझी. वी मेड अ टेंट, विथ आईज साडीज. ऑल डे, ऑल इव्हनिंग. यू सेड डोन्ट टेल आई अबाउट द साडीज." तिला ते छान आठवत होतं. सात वर्षांची होती, तिच्या आयुष्यातला तो फार सुंदर दिवस असणार. गुणवंतने पसरलेले पाय जवळ घेतले. ईशानीने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बोट पुसलं आणि "सॉरी?" असं विचारून आपल्या खोलीत गेली.

"अगं, धो धो पाऊस होता," तो म्हणाला. "ट्यूबच्या गाड्या बंद पडलेल्या. पोरीला घेऊन कुठे जाणार? आणि एका मताने काय फरक पडणार होता, तूच सांग. लाखोंनी हरलो आपण."

लाखोंनी हरलो आपण. आपण! मतदान केंद्र ईशानीच्या शाळेतच होतं, रस्ता ओलांडला की. मी सकाळी सातला छत्री घेऊन तिथूनच ऑफिसला गेले होते. एक मत, मलाही कळतं. पण त्याला विरोधात जायचीसुद्धा तसदी घ्यावीशी वाटली नाही. माझ्याविरुद्ध उभा राहिला असता तर निदान उभा तरी राहिला असता, मी त्याच्याशी नऊ वर्षं कडकडून भांडले असते. हा ना लीव्ह ना रिमेन. मला एक सांगितलं, ग्रॅहमला दुसरं सांगितलं, आणि स्वतः साड्यांच्या तंबूत बसून राहिला. माझ्या साड्यांच्या. टेबल गेलं तेव्हा चहा, घर सोडलं तेव्हा 'बघू', इथे आलो तेव्हा 'तू म्हणशील तसं', आणि मी याला समजूतदारपणा समजत आले. मैत्रिणींना सांगायचे, आमच्या गुणवंतचा कधी कशाला विरोध नसतो. मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की हातातली ताटं मी परत टेबलावरच ठेवली.

"सोमवारी काय कळवायचं?" त्याने विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"तुम्ही जा. चांगली नोकरी आहे. मी आणि ईशानी इथे आहोत."

"आणि तुझं काम? ते कपलिंग?"

"मला हवं असेल तर मी माझ्या नावाने अर्ज करीन. माझ्या व्हिसावर जाईन."

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे कायमचं? वेगळं व्हायचंय तुला? कोर्ट, कागद, सह्या, ते सगळं?" त्याला खरोखर भीती वाटत होती, आणि ती माझ्या जाण्याची होती की कागदांची, हे मला कळेना. मी मुनिबाचा वाडगा उचलला, ईशानीने बोट घातलं होतं तिथलं श्रीखंड चमच्याने सारखं केलं आणि वर झाकण ठेवलं.

"काही नको," मी म्हटलं. "सहा महिने बाहेर राहिलात की इथला तुमचा व्हिसा आपोआप बाद होतो. कुठे जायचं नाही, सही करायची नाही. नुसतं बसून राहायचं. जमेल तुम्हाला."